गोळी बंद करण्याचा हिशोब

फिटची गोळी सुरू करताना कुणी आपलं मत विचारत नाही. बंद करायची वेळ आली की मात्र डॉक्टर पेन खाली ठेवतात आणि म्हणतात, "आता तुम्ही सांगा." माझ्यावर ही वेळ तिशी ओलांडल्यावर आली. तोवर कार्बामाझेपिन इतकं अंगवळणी पडलं होतं की गावाला जाताना टूथब्रश विसरायचा, गोळ्यांची पट्टी नाही.

मी सांगलीत एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करते. पहिली फिट बारावीत आली, प्रिलिमच्या सुमारास. मिरजेला सीटी स्कॅन झाला आणि मेंदूत एक छोटी गाठ दिसली. 'गाठ' म्हटल्यावर घरात रडारड झाली, कारण त्या शब्दाचा दुसरा अर्थ कुणाला ठाऊकच नव्हता. ती निघाली पट्टकृमीच्या अंड्यातून झालेली गाठ. न्यूरोसिस्टिसर्कोसिस. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, तिथे हे डुकराचं प्रकरण कुठून आलं, म्हणून आजीनं डॉक्टरांशी वाद घातला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की डुकराचं कच्चं मांस खाल्लं तर कृमी पोटात वाढतो. मेंदूतली गाठ होते ती त्या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि अंडी मैला मिसळलेल्या पाण्यातून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून, कुणाच्या तरी हातातून येतात. शाकाहार इथे आड येत नाही. आजीला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

पूर्वी आपल्याकडे अशी एकटी गाठ दिसली की ती क्षयाची समजून टीबीची औषधं सुरू व्हायची. यातल्या बऱ्याच गाठी कृमीच्या असतात आणि पुष्कळदा आपोआप विरतात, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांच्या कामातून पुढे आलं. गाठ पूर्ण विरली तर फिटची गोळीही लवकर थांबवता येते. माझी विरली नाही. ती सुकली आणि जागेवर कॅल्शियमचा एक ठिपका राहिला. असा ठिपका असला की गोळी थांबवल्यावर फिट परतायची शक्यता वाढते. त्यामुळे गोळी चालू राहिली. बीकॉमपर्यंत अधूनमधून फिट येत राहिल्या, मग थांबल्या.

बंद करायचा विचार आला तो बाळाच्या निमित्तानं. कार्बामाझेपिन गरोदरपणात व्हॅल्प्रोएट या फिटच्याच दुसऱ्या औषधाइतकं धोक्याचं नाही. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आयांच्या साधारण दहांतल्या एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, शिवाय मुलांच्या बौद्धिक वाढीवरही परिणाम होतो. माझ्या गोळीचा धोका त्याहून बराच कमी होता, पण शून्य नव्हता. आणि खरं सांगायचं तर बाळ हे अर्धं कारण होतं. गोळीशिवाय मी कशी आहे, हे मला बघायचं होतं. सतरा वर्षांची असल्यापासून मी त्या गोळीवर होते. माझा संथपणा, दुपारची पेंग, शब्द पटकन न आठवणं, यातलं माझं किती आणि गोळीचं किती, हे मला कधी कळलंच नव्हतं.

सासरी कुणापासून काही लपवलेलं नव्हतं. चहापोह्यांच्या दिवशीच मी सांगून टाकलं होतं. त्यावर नवऱ्याच्या एका मामांनी "असं लग्न कायद्यानं मोडता येतं" असं ज्ञान पाजळलं होतं. ते शिळं होतं. हिंदू विवाह कायद्यातला अपस्माराचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीनं काढून टाकलाय. नवऱ्यानं मामांना ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. मामांनी निळ्या टिकाही येऊ दिल्या नाहीत.

तर डॉक्टर. त्यांनी संगणकावर एक तक्ता उघडला. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या गटानं पुढाकार घेऊन १० अभ्यासांतल्या १,७६९ रुग्णांची माहिती एकत्र केली होती, आणि ते काम २०१७ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त आलं. सगळे असे, की फिट थांबल्यावर ज्यांची औषधं बंद केली गेली. त्यातल्या ४६ टक्क्यांना पुन्हा कधी ना कधी फिट आली. कुणाला जास्त आली, कुणाला कमी, यावरून त्यांनी एक गणित बसवलं. आपली माहिती भरायची, की आपला आकडा येतो.

मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे. रकाने बघितल्यावर लक्षात आलं की मला माझाच आजार पुरता माहीत नाही.

पहिली फिट कितव्या वर्षी, हे सोपं होतं. पहिल्या आणि शेवटच्या फिटमध्ये किती काळ गेला? एकूण किती फिट आल्या? गोळी बंद करण्याआधी किती वर्षं फिटशिवाय गेली? लहानपणी तापात झटके आले होते का? मुलाची वाढ उशिरा झाली होती का? ईईजीत, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या आलेखात, काही दिसतं का? फाईल म्हणाल, तर माझं माहेर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात शिरली तेव्हा आईनं दागिन्यांच्या आधी माझी फाईल माळ्यावर टाकली होती, पण पाणी माळ्याच्या कडेपर्यंत आलं. निम्मे कागद एकमेकांना चिकटून पापड झाले होते. डिस्चार्ज कार्डावरची शाई पसरलेली. मग उरली आईची आठवण.

"तापाचं विचारतेस ना? दोन वर्षांची होतीस. तापानं फणफणलेली. एकदम डोळे वर केलेस. मी कांदा फोडून नाकाला लावला."

"हातपाय झटकत होते का, आई?"

"थरथरत होतीस. आता ते थंडीनं की कशानं, मला काय कळणार बाई? लाइट गेली होती."

तिला त्या रात्रीचं सगळं आठवत होतं. शेजारच्या काकूंनी कंदील आणला, बाबा रिक्षा शोधायला गेले, रिक्षावाल्यानं पैसे घेतले नाहीत. फक्त तक्त्याला हवं होतं तेवढंच नेमकं अंधारात होतं. हो किंवा नाही, दोनच पर्याय. 'थरथरत होती' असा पर्याय नाही.

शेवटच्या फिटचा घोळ त्याहून मोठा. माझ्या हिशोबानं ती बीकॉमच्या शेवटच्या वर्षी. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "माझ्या हळदीच्या दिवशी पहाटे काय झालं होतं मग?" त्या पहाटे मी हातात हळदीची वाटी घेऊन उभी होते आणि मधला थोडा वेळ माझ्या लेखी नाहीच. रात्रभर जागरण होतं, म्हणून मी ते सोडून दिलं होतं. ताई म्हणाली, "तू माझ्याकडे बघत होतीस, पण बघत नव्हतीस. ओठ चावल्यासारखे करत होतीस." ती फिट धरली तर माझी फिटमुक्त वर्षं जवळजवळ निम्म्यावर येत होती. आणि हे तिनं इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण लग्नघर होतं आणि कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी दोन्ही प्रकारे आकडा काढला. हळदीची पहाट धरून आणि सोडून, ताप धरून आणि सोडून. आकडा वरखाली झाला, पण निम्म्याच्या आसपासच घोटाळत राहिला. माझ्या ठिपक्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता. साहजिक आहे. तो बहुतेक पाश्चात्त्य रुग्णांवरून बेतलेला, आणि तिकडे मेंदूतली कृमीची गाठ ही आपल्यासारखी नित्याची गोष्ट नाही. डॉक्टर म्हणाले, "मनातल्या मनात थोडं वर धरा." किती वर, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि उगाच एखादा आकडा ठोकून दिला नाही याबद्दल माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

कर्ज विभागात बसून सवय लागलीय, म्हणून मी विचारलं, हा तक्ता कितपत बरोबर असतो? त्यांनी सांगितलं ते मला फार उपयोगी पडलं. दोन माणसं घ्या, एकाला गोळी बंद केल्यावर फिट आली, दुसऱ्याला नाही. तक्त्यानं आधीच ज्याला जास्त धोका सांगितला होता, फिट त्यालाच आली, असं किती वेळा होतं? नाणं उडवलं तरी शंभरात पन्नास वेळा जमेल. हा तक्ता साधारण पासष्ट वेळा जमवतो. फिट नुसती परत येईल का, यापेक्षा माणूस लांबच्या पल्ल्यात फिटमुक्त राहील का, हे जरा बरं जमतं, शंभरात सुमारे एकाहत्तर. म्हणजे आमच्याकडे सिबिल स्कोअर करतो तेच. या स्कोअरच्या शंभर कर्जदारांत किती थकतील हे बऱ्यापैकी सांगता येतं, समोर बसलेला जामीनदारासह आलेला माणूस थकवेल का, हे नाही. आणि तरीही स्कोअर न बघता कर्ज देणारा माणूस मूर्खच.

घरी येऊन मी तो आकडा सांगितला आणि एकाच आकड्याचे तीन अर्थ निघाले. सासूबाई म्हणाल्या, "निम्म्यांना येते? मग कशाला हात लावायचा?" नवरा म्हणाला, "निम्म्यांना येत नाही." सासरे म्हणाले, "डॉक्टरांना काहीच माहीत नाही, असं स्पष्ट का सांगत नाहीत?"

सासूबाईंचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटला होता. गोळी चालू ठेवली तर धोका नाही, मग बंद करून तो ओढवून का घ्यायचा? पुढच्या भेटीत मी तो तसाच मांडला, तेव्हा डॉक्टरांनी १९९१ सालच्या एका ब्रिटिश अभ्यासाबद्दल सांगितलं. तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं किमान दोन वर्षं फिट न आलेल्या १,०१३ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाची औषधं हळूहळू बंद केली, दुसऱ्याची चालू ठेवली. दोन वर्षांनी बंद केलेल्यांपैकी ५९ टक्के फिटमुक्त होते आणि चालू ठेवलेल्यांपैकी ७८ टक्के.

मी ते दोनदा ऐकलं. गोळी नेमानं घेत राहूनही शंभरातल्या बावीस जणांना फिट आली होती. म्हणजे इतकी वर्षं आम्ही सगळे ज्याला 'सुरक्षित' म्हणत होतो, तेही सुरक्षित नव्हतं. बंद करण्याचा धोका एक्केचाळीस नव्हे, तर एक्केचाळीस वजा बावीस. हे आकडे माझे नव्हेत, ठिपकेवाल्यांचे तर नव्हेतच, पण वजाबाकी कशातून करायची ते मला पहिल्यांदा समजलं. सासूबाईंना मी हे कागदावर मांडून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुझं गणित चांगलं आहे, पण बाथरूमची कडी लावायची नाही."

मग डॉक्टरांनी खरा प्रश्न विचारला. आली, तर तुमचं काय जाईल? कुपवाड एमआयडीसीत प्रेस मशीनपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाची एका फिटमध्ये बोटं जाऊ शकतात. घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं वेगळं. माझं काम खुर्चीतलं. गाडी मी चालवतच नाही. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये अपस्मार आहे का असा सरळ प्रश्न असतो आणि मला खोटं लिहायचं नव्हतं. घरात माणसं आहेत. पण गरोदरपणात मोठी फिट आली तर दोघांना धोका, म्हणून गोळी बंद करायची असेल तर आधी करायची आणि मग थांबायचं, असं ठरलं. परत यायची असली तर बहुतेकांना ती पहिल्या वर्षातच येते. तेवढा काळ बाळाचं नाव काढायचं नाही. सोपं काहीच नव्हतं, पण हे सगळ्यात अवघड होतं. आमच्याकडे लग्नाला तीन वर्षं झाली की शेजारणीसुद्धा कॅलेंडर बघतात.

त्याआधी जागरणाचा ईईजी. रात्रभर जागायचं, केस तेल न लावता धुऊन सकाळी जायचं. माझ्याबरोबर नवराही जागला आणि रमीत हरत राहिला. डोक्याला चिकट पेस्ट लावून तारा जोडल्या, जोरजोरात श्वास घ्यायला लावला, डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवला, मग झोपू दिलं. रिपोर्ट स्वच्छ आला. घरात पेढे आणायची भाषा सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी आवरलं. त्या अर्ध्यापाऊण तासात काही दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गोळी बंद करायला सुमारे सहा महिने घेतले. दर महिन्याला थोडी कमी. एकदम कधीच थांबवायची नाही, हे डॉक्टरांनी मलाच नव्हे, नवऱ्यालाही बजावलं. कडी उघडी ठेवून आंघोळ, तीही बादलीत. गॅस एकटीनं पेटवायचा नाही, गच्चीच्या कठड्याशी जायचं नाही, कृष्णेवर पोहायला शिकायचं माझं स्वप्न आणखी पुढे. सासूबाई बाथरूमबाहेर जपमाळ घेऊन बसायच्या आणि पाण्याचा आवाज थांबला की "झालं का गं?" अशी हाक. झोप लागताना पाय झटकला तरी नवरा दिवा लावायचा. असा झटका सगळ्यांनाच येतो हे त्याला माहीत होतं. दिवा लावायचाच.

आणि हो, शब्द पटकन आठवायला लागले. निदान मला तसं वाटलं. ऑफिसात कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

शेवटची गोळी घेऊन काही महिने झाले आणि एका रविवारी माहेरी मटार सोलताना फिट आली. मला त्यातलं काही ठाऊक नाही. जीभ चावलेली, अंग ठेचल्यासारखं दुखत होतं आणि आई म्हणत होती, "दीड मिनिट. घड्याळ बघितलं मी." तिनं मला कुशीवर वळवलं होतं, डोक्याखाली पदर घातला होता, तोंडात चमचा घातला नव्हता. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना, हेही तिच्या ध्यानात होतं. कांद्याचा प्रश्नच आला नाही.

नंतरचा आठवडा कारण शोधण्यात गेला. आदल्या दिवशी उपास होता. दुपारी ऊन लागलं. ताईशी फोनवर वाद झाला होता. मोबाईल. प्रत्येकाकडे एक कारण होतं आणि प्रत्येकाला ते दुसऱ्याच्या कारणापेक्षा पटत होतं. डॉक्टरांनी सगळी ऐकून घेतली आणि म्हणाले, गोळी नव्हती आणि ठिपका होता. ऑफिसातल्या एकानं विचारलं, "म्हणजे डॉक्टरांचा अंदाज चुकला?" अंदाज निम्म्याच्या आसपासचा होता, तो चुकणार कसा? फिट आली नसती तरी तो तितकाच बरोबर ठरला असता. त्याला हे पटलं नाही. त्याच्या जागी मी असते तर मलाही कदाचित पटलं नसतं.

मला भीती होती ती वेगळीच. बंद करून आपण काही कायमचं बिघडवून तर ठेवलं नाही ना? त्याच ब्रिटिश अभ्यासात ज्यांना फिट परतली त्यांचं पुढे काय झालं, हे १९९६ साली प्रसिद्ध झालं. तीन वर्षांत ९५ टक्क्यांना पुन्हा किमान एक वर्ष फिटशिवाय मिळालं. गोळी बंद केल्यामुळे लांबच्या पल्ल्यात नुकसान झालं, असं त्यात दिसलं नाही. उट्रेख्टच्या अभ्यासातही पाठपुराव्याच्या शेवटच्या वर्षी फिट येत राहिलेले ९ टक्केच होते. नऊ म्हणजे काहीच नाही असं नव्हे. त्या नवांत कुणीतरी असतं.

बाळाचा विचार करून या वेळी डॉक्टरांनी लेव्हेटिरासिटाम सुरू केलं, सोबत फॉलिक अ‍ॅसिड. या गोळीनं चिडचिड वाढते असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. नवरा म्हणतो, फरक कळत नाही. फिट पुन्हा आलेली नाही. आता गोळीसकटच पुढचं ठरवायचं आहे, आणि 'गोळीशिवाय' या शब्दाचा मोह मला आता पूर्वीइतका राहिलेला नाही. ते काही महिने कसे होते ते मला माहीत आहे.

मध्यंतरी आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्यांनी त्यांच्या पुतण्याचा विषय काढला. सोळा वर्षांचा मुलगा, व्हॅल्प्रोएटवर, दोन वर्षं मोठी फिट नाही. घरच्यांनी गोळी बंद करायचं ठरवलं होतं, कारण ओळखीतल्या एका मुलाची याच वयात बंद झाली आणि तो ठणठणीत आहे. तो ओळखीतला मुलगा रोलँडिक एपिलेप्सीचा होता. झोपेत तोंडाच्या एका बाजूला झटके, आणि वयात येता येता ती बहुधा स्वतःहूनच थांबते. मी डॉक्टर नाही, पण एव्हाना इतकं ऐकलंय की एक प्रश्न आपोआप तोंडात आला. सकाळी उठल्या उठल्या त्याच्या हाताला झटके येतात का? चहाचा कप, ब्रश हातातून उडतो का? किशोरवयात सुरू होणाऱ्या एका प्रकारात हे होतं आणि त्यात गोळी थांबवली तर फिट परतायची शक्यता फार मोठी असते.

सहकाऱ्यांना माहीत नव्हतं. मुलाच्या आईलाही नव्हतं. त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला, स्पीकरवर.

"कधी कधी होतं काका, रात्री जागलो की. पण ती फिट नसते ना?"

गोळी अजून चालू आहे. सोमवारची वेळ घेतली आहे त्यांनी, मिरजेला.